विश्लेषण : ‘ताई, सर्व्हर डाउन आहे’... पोर्टलवरचा एरर नेमका येतो कुठून?

‘ताई, सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर हे वाक्य आता ‘लाईट गेली’ इतकेच रुळले आहे. पीक विम्याची मुदत असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी. शेवटच्या आठवड्यात पडद्यावर काहीतरी इंग्रजी उमटते आणि रांग तिथेच थांबते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. त्या वर्षी तांत्रिक अडचणींमुळे ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा ओटीपीच येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. या तांत्रिक अडचणीची दखल घेतल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना समाजमाध्यमावरून सांगावे लागले.

प्रत्येक वेळी उत्तर एकच असते : मुदतवाढ. पण नेमके बिघडते काय, ते कोण शोधते आणि कसे, याची चर्चा क्वचितच होते. महिन्याचे दीड हजार रुपये किंवा खरिपाच्या पिकाचे संरक्षण एका बटणावर अवलंबून असेल, तर त्या बटणामागचा कोड चुकल्यावर कसा वागतो हा केवळ संगणक अभियंत्यांचा विषय राहत नाही.

सर्व्हर खरोखर ‘डाउन’ असतो का?

बहुतेक वेळा नाही. सर्व्हर बंद असेल तर ब्राउझर स्वतःच सांगतो की संकेतस्थळापर्यंत पोहोचता आले नाही. पडद्यावर ५००, ५०२, ५०४ किंवा ४१९ असा आकडा दिसत असेल, तर पलीकडून कोणीतरी उत्तर दिलेले असते. यंत्र चालू आहे, पण त्यावरच्या प्रोग्रामसमोर अशी परिस्थिती आली की पुढे काय करायचे हे त्याला कोणी सांगून ठेवलेले नव्हते, असा त्याचा अर्थ.

हे ‘सांगून ठेवणे’ म्हणजेच एरर हँडलिंग. आधार क्रमांकाचे ११ आकडे टाकले तर काय करायचे, बाहेरची सेवा उत्तर देत नसेल तर किती वेळ थांबायचे, पैसे कापले गेले पण अर्ज साठवला गेला नाही तर कोणाला कळवायचे, हे सगळे आधी लिहून ठेवावे लागते. अर्ज भरण्याचा सरळ रस्ता कोणीही लिहितो. आडवळणे लिहायला वेळ लागतो, आणि निविदेची मुदत संपत आली की पहिली कात्री तिथेच लागते.

पीएचपी आणि फ्रेमवर्क म्हणजे काय?

पीएचपी ही वेबसाठी वापरली जाणारी जुनी आणि अजूनही सर्वाधिक पसरलेली भाषा. रास्मुस लेरडॉर्फ यांनी ती १९९० च्या दशकाच्या मध्यात स्वतःच्या संकेतस्थळासाठी तयार केली. आज वर्डप्रेसवरची वृत्तसंकेतस्थळे, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश अर्ज, पतसंस्थांची सॉफ्टवेअर असे पुष्कळ काही तिच्यावर चालते. स्वस्त होस्टिंगवरही ती चालते आणि तिचे प्रोग्रामर तालुक्याच्या गावीही मिळतात, हे त्याचे साधे कारण.

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. लॉगइन, डेटाबेस, फॉर्मची तपासणी अशा नेहमीच्या गोष्टी त्यात आधीच बांधलेल्या असतात. कोडइग्नायटर २००६ मध्ये आले, लॅराव्हेल २०११ मध्ये. पुढची उदाहरणे याच दोघांतली आहेत, कारण भारतात लहान-मोठ्या पोर्टलची कामे घेणाऱ्या कंपन्यांमध्ये ती सर्रास दिसतात. सरकारी पोर्टल दुसऱ्या एखाद्या भाषेत लिहिलेले असले तरी अडचणींची जात तीच असते.

लॅराव्हेलमध्ये एक शहाणी रचना आहे. कुठेही चूक झाली की ती एका ठिकाणी गोळा होते आणि तिथे दोन वेगळी कामे होतात. एकाचे नाव ‘रिपोर्ट’, दुसऱ्याचे ‘रेंडर’. रिपोर्ट म्हणजे प्रोग्रामरला सांगणे : कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, कोणत्या माहितीवर काय चुकले. ते नोंदवहीत, म्हणजे लॉग फाइलमध्ये जाते. रेंडर म्हणजे समोरच्या माणसाला सांगणे : काय झाले आणि आता त्याने काय करायचे. एकाच चुकीची ही दोन वेगळी उत्तरे दोन वेगळ्या माणसांसाठी असतात.

प्रत्यक्षात अनेक पोर्टलवर नेमकी उलटापालट झालेली दिसते. गेवराईच्या शेतकऱ्याला पडद्यावर फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक दिसतो, आणि ज्याला तो हवा त्या प्रोग्रामरच्या लॉगमध्ये काहीच नसते.

ओटीपी का येत नाही?

या प्रश्नात सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून तो सविस्तर पाहू.

आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवण्याचे काम पोर्टल स्वतः करत नाही. ते अधिकृत मध्यस्थ यंत्रणेमार्फत आधार प्राधिकरणाकडे विनंती पाठवते. पुढे मोबाइल कंपनी संदेश पोहोचवते. या साखळीत कुठलीही एक कडी मंद झाली की पोर्टल वाट पाहत बसते. खरी गोची या वाट पाहण्यात आहे.

पीएचपीचे अ‍ॅप्लिकेशन बँकेतल्या खिडक्यांसारखे चालते. समजा, ५० खिडक्या उघड्या आहेत आणि एका माणसाचे काम अर्ध्या सेकंदात होते. म्हणजे सेकंदाला १०० माणसे मार्गी लागतात. आता बाहेरची ओटीपी सेवा मंदावली आणि प्रत्येक उत्तराला २० सेकंद लागू लागले. त्याच ५० खिडक्यांतून आता सेकंदाला अडीच माणसे बाहेर पडतात. यंत्र तेच, कोड तोच, पण क्षमता चाळीस पटींनी घसरली. प्रोसेसर पाहिला तर तो जवळपास रिकामा दिसतो, कारण खिडकीवरचा माणूस काम करत नाही, फोन कानाला लावून बसला आहे. ‘सर्व्हरवर ताण नाही, मग साइट का चालत नाही?’ या कोड्याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

मग रांगेतला माणूस कंटाळून पान पुन्हा लोड करतो. पहिली विनंती अजून आत अडकलेलीच असते, त्यात दुसरीची भर पडते. केंद्रचालक तीन-तीन टॅब उघडतात. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा, असा सल्ला ते देतात त्यामागे हेच गणित आहे. त्यांनी ते पुस्तकातून शिकलेले नसले तरी.

या खिडक्यांची संख्या पीएचपी-एफपीएम नावाचा भाग ठरवतो. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये ती फक्त पाच असते. नवा सर्व्हर उभारताना हा आकडा बदलायचा राहून गेला, तर चाचणीच्या दिवशी सगळे छान चालते आणि उद्घाटनाच्या दिवशी कोसळते. त्याच्या लॉगमध्ये कमाल मर्यादा गाठल्याची स्पष्ट ओळ उमटते. ती वाचणारा कोणी हवा.

मग आकडा ५०० करून टाकायचा का? इतके सोपे नाही. प्रत्येक खिडकी मेमरी खाते. शिवाय पाठीमागे मायएसक्यूएल डेटाबेस असेल, तर त्याची एकाच वेळी घेता येणाऱ्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे. पुढचे दार रुंद केले तर गर्दी मधल्या दारात चेंगरते.

अनुभवी प्रोग्रामर इथे वेळेच्या मर्यादेकडे आधी पाहतो. बाहेरच्या सेवेची किती सेकंद वाट पाहायची? लॅराव्हेलच्या स्वतःच्या साधनात ती मूळची ३० सेकंद आहे. जुन्या पद्धतीने कर्ल वापरून लिहिलेल्या कोडमध्ये उत्तराच्या एकूण वेळेला मर्यादाच नसते. ती आपण घालावी लागते. पीएचपीची स्वतःची ३० सेकंदांची मर्यादा आपल्याला वाचवेल असे अनेकांना वाटते. पण लिनक्सवर बाहेरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्या मर्यादेत धरलाच जात नाही. म्हणजे पहारेकरी आहे, पण ज्या दारातून चोर येतो तिकडे त्याची पाठ आहे.

मर्यादा पाच-सात सेकंदांवर आणली, सलग काही विनंत्या फसल्या की थोडा वेळ ओटीपी मागणेच थांबवले आणि लोकांना ‘आधारची ओटीपी सेवा सध्या मंद आहे, वीस मिनिटांनी प्रयत्न करा, भरलेली माहिती जपून ठेवली आहे’ असे मराठीत सांगितले, तरी पोर्टलची बाकी पाने चालू राहतात. ओटीपी तेव्हाही येणार नाही. पण गावाहून तालुक्याला आलेली बाई दिवसभर बाकावर बसून राहणार नाही.

ऊसतोडीच्या जिल्ह्यात हे अधिक गंभीर का?

बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. ई-केवायसीची पहिली मुदत १८ नोव्हेंबर २०२५ होती, म्हणजे नेमकी टोळ्या निघण्याच्या दिवसांतली. त्याआधी सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाडा झोडपला होता. आधारला जोडलेला क्रमांक नवऱ्याच्या फोनचा, नवरा मुकादमाबरोबर पुढे गेलेला, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. अशा घरात ‘नंतर प्रयत्न करा’ या वाक्याचा अर्थ शहरातल्यापेक्षा वेगळा होतो.

पीक विम्यातही हेच. २०२४ पर्यंत राज्यात स्थानिक आपत्तीने नुकसान झाले तर ७२ तासांत कळवणे बंधनकारक होते. शेतात पाणी, गावात वीज नाही, आणि त्या तीन दिवसांत अ‍ॅप चाललेच पाहिजे, अशी ती अट होती. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली आणि शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी दोन टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा लागू लागला. आता अर्जाबरोबर पैसेही जातात. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची किंमत वाढली आहे.

४१९ : वीज गेल्यावर येणारा एरर

सेवा केंद्रचालकांच्या ओळखीचा एक आकडा म्हणजे ४१९. ‘पेज एक्स्पायर्ड’ एवढेच त्यासोबत लिहिलेले असते. हा वेबचा अधिकृत कोडही नाही. लॅराव्हेलने तो स्वतः वापरात आणला.

दुसऱ्या कोणी आपल्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून फ्रेमवर्क प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त खूण लपवते. ती खूण सत्राशी बांधलेली असते आणि सत्राची मूळ मुदत १२० मिनिटे असते. धारूर किंवा पाटोद्यात दुपारी वीज गेली, राऊटर बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर तसाच उघडा राहिला आणि अडीच तासांनी ‘सबमिट’ दाबले की खूण शिळी झालेली असते. फ्रेमवर्क बरोबरच वागते. पण भरलेले तीन पानांचे रकाने जातात.

उपाय अवघड नाही. हा एक एरर वेगळा पकडायचा, माणसाला त्याच फॉर्मवर परत न्यायचे, आधी भरलेली माहिती जागेवर ठेवायची आणि ‘वेळ संपली होती, पुन्हा पाठवा’ असे सांगायचे. अर्ध्या दिवसाचे काम. ते होत नाही, कारण कार्यालयात बसून चाचणी करणाऱ्याची वीज कधी अडीच तास जात नाही.

जो दिसतच नाही तो एरर

लाल अक्षरांतल्या एररपेक्षा हिरव्या अक्षरांतले खोटे यश जास्त घातक. जुन्या पीएचपी कोडमध्ये एक सवय फार दिसते. जिथे एरर येतो तिथे त्याला पकडायचे आणि काहीच करायचे नाही. रिकामा ‘कॅच’. किंवा ओळीच्या आधी ‘अ‍ॅट’चे चिन्ह टाकून इशारा दाबून टाकायचा. प्रोग्रामरच्या पडद्यावर शांतता होते, ग्राहकाला डेमो दाखवता येतो. पुढे कधीतरी डेटाबेसमध्ये ओळ लिहिली जात नाही, पण कोड थांबत नाही, आणि शेतकऱ्याला ‘अर्ज यशस्वी’ असा संदेश जातो. त्याला कळते ते थेट भरपाईच्या यादीत नाव नसते तेव्हा.

पीएचपी ८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तिने या सवयीला थोडा चाप लावला. पूर्वी नुसती सूचना देऊन सोडून दिलेल्या काही चुकांवर आता इशारा येतो, काहींवर प्रोग्राम थांबतोच, आणि जीवघेण्या चुका ‘अ‍ॅट’च्या चिन्हाने लपत नाहीत. ७.४ या जुन्या आवृत्तीचा सुरक्षा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. त्यानंतर सर्व्हर अद्ययावत केल्यावर ‘काल चालणारी साइट आज बंद पडली’ अशा तक्रारी आल्या, त्यातल्या पुष्कळ चुका नव्या नव्हत्या. त्या वर्षानुवर्षे होत्याच. फक्त आता बोलू लागल्या होत्या.

पैशांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. अर्ज, कागदपत्रे आणि पावती या तिन्ही नोंदी एकाच व्यवहारात गुंफता येतात. एक फसली तर तिन्ही मागे घेता येतात. पण खात्यातून बाहेर गेलेले पैसे डेटाबेस मागे आणू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रयत्नाला आधीच एक क्रमांक द्यावा लागतो, म्हणजे तोच माणूस बटण दोनदा दाबला तरी दुसरी वसुली होत नाही. आणि दर रात्री बँकेची यादी व पोर्टलची यादी समोरासमोर ठेवून तफावत शोधावी लागते. हिशेबनिसाचे जुनेच काम, फक्त ते संगणकाला सांगायचे राहून जाते.

‘बीड’ या शब्दात अक्षरे किती?

माणसाला विचारले तर दोन. युनिकोडच्या हिशेबात तीन चिन्हे : ब, दीर्घ वेलांटी आणि ड. पीएचपीच्या साध्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारले तर नऊ, कारण ते बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. याच हिशेबाने ‘अंबाजोगाई’ २७ बाइटचे होते.

आता इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून कोणी ‘गावाचे नाव जास्तीत जास्त २५’ अशी मर्यादा घातली आणि बाइट मोजले, तर अख्खे अंबाजोगाई बाहेर राहते. फॉर्म म्हणतो ‘नाव फार लांब आहे’, अर्जदार चक्रावतो. याहून वाईट म्हणजे नाव मोजून कापले जाते तेव्हा. एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटपैकी एकच उरतो, मजकूर तुटका होतो, आणि ती नोंद जेसॉनच्या रूपात दुसऱ्या यंत्रणेकडे पाठवताना पीएचपी नकार देते. पडद्यावर पांढरे पान येते. सगळ्यांचे अर्ज जातात, याच एका गावच्या लोकांचे जात नाहीत. मराठी मजकूर मोजायची वेगळी फंक्शने पीएचपीत कधीपासून आहेत. चाचणीत ‘टेस्ट’, ‘एबीसी’ अशीच नावे भरली की हा दोष उघडा पडत नाही.

पडद्यावर फाइलचे नाव दिसणे धोक्याचे का?

‘अ पीएचपी एरर वॉज एन्काउंटर्ड’ असा चौकोन अनेकांनी कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावर पाहिला असेल. तो कोडइग्नायटरचा. लॅराव्हेलमध्ये तेच काम डीबग मोड करतो, आणि फारच सविस्तर करतो : कोडचे तुकडे, डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कधी सेटिंगची माहिती. हे प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर ठीक. लोकांसाठी खुल्या साइटवर तो चालू राहणे म्हणजे घराचा नकाशा दारावर चिकटवणे.

ही अतिशयोक्ती नाही. जानेवारी २०२१ मध्ये लॅराव्हेलचा एरर दाखवणाऱ्या ‘इग्निशन’ या भागातली त्रुटी उघड झाली. डीबग मोड चालू असेल तर लॉगइन न करताही बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. १६ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या एफबीआय आणि सीआयएसए या संस्थांनी ‘अँड्रॉक्सघोस्ट’ या घातक प्रोग्रामबाबत संयुक्त इशारा दिला. लॅराव्हेलची पासवर्ड असलेली सेटिंग फाइल उघडी राहिली आहे का, हे तो इंटरनेटभर हुंगत फिरत होता.

भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. मौज अशी की कोडइग्नायटर ३ मध्ये लॉग लिहिण्याची पातळी मुळात शून्य असते, म्हणजे नोंद बंद. ती कोणी मुद्दाम चालू केली नसेल तर १८० दिवस जपायला काहीच नसते.

शोध नेमका कसा घेतला जातो?

तक्रार आली की ‘रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एरर आला’. प्रोग्रामर लॉग उघडतो, त्या वेळेला काहीच नाही. अनेकदा कारण हास्यास्पद असते : लॅराव्हेलची मूळ वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शोधायचे असते संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांच्या नोंदींत. हीच चूक मुदतीच्या तपासणीत राहिली तर ‘रात्री बारा’ला बंद व्हायचा फॉर्म दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत उघडा राहतो.

लॉग फाइलच नसेल तर पुढचा संशय परवानगीवर. कोणीतरी मुख्य प्रशासकाच्या खात्यातून एखादी आज्ञा चालवली, लॉग फाइल त्याच्या नावावर तयार झाली, आणि अ‍ॅप्लिकेशनला आता तिच्यात लिहिताच येत नाही. मग मूळ चूक बाजूला राहते आणि ‘लॉग लिहिता आला नाही’ हाच नवा एरर होऊन बसतो. सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल तर जुन्या सेटिंगची साठवलेली प्रत पुसायची राहिलेली असते. या तीन गोष्टींत रात्र जाते. मूळ दोष सापडला की दुरुस्ती बहुधा दोन-चार ओळींची असते.

हा वेळ वाचवणारी युक्ती साधी आहे. एरर आला की एक छोटा क्रमांक तयार करायचा, तोच पडद्यावर दाखवायचा आणि तोच लॉगमध्ये लिहायचा. माजलगावहून फोन आला की क्रमांक विचारायचा. दुसरे म्हणजे एररच्या पानाला योग्य कोड देणे. पानावर ‘काहीतरी चुकले’ आणि आतून मात्र ‘२००, सर्व ठीक’ असे उत्तर जात असेल, तर देखरेख करणारी यंत्रणा हिरवा दिवा दाखवत राहते.

अर्जदाराने काय पाहावे?

आकडा ४ ने सुरू होत असेल (४१९, ४२२, ४२९) तर अडचण बहुधा पाठवलेल्या माहितीत, वेळेत किंवा वारंवारतेत आहे. पान नव्याने उघडणे, रकाने तपासणे, थोडे थांबणे याने काम होऊ शकते. ५ ने सुरू होत असेल तर दोष पलीकडचा. तेच बटण दहादा दाबून उपयोग नाही. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरण्याआधी अर्जाची स्थिती आणि बँकेचा व्यवहार क्रमांक पाहावा. वेळ आणि वरचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा, मात्र आधार क्रमांक दिसणारा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. पीक विम्यासाठी १४४४७ आणि महिलांसाठी १८१ या मदतवाहिन्या आहेत. खरी साइट अडली की लोक शोध घेऊन मिळेल त्या लिंकवर जातात आणि नकली साइटवाले त्याचीच वाट पाहत असतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

कोड बरोबर, तरी एरर

सगळ्या चुका कोडच्या नसतात. लाडकी बहीण ई-केवायसीत विवाहितेने पतीचा आणि अविवाहितेने वडिलांचा आधार क्रमांक देऊन त्यांच्याही मोबाइलवरचा ओटीपी भरायचा होता. पती हयात नाही, वडीलही नाहीत, किंवा घटस्फोट झाला आहे, अशा महिलेने काय भरायचे याला सुरुवातीला फॉर्ममध्ये वाटच नव्हती. प्रोग्रामच्या दृष्टीने रिकामा रकाना म्हणजे चूक, आणि त्याने ती चोख पकडली. शेवटी मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवताना अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी पूर्ण करून पतीचे किंवा वडिलांचे मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश यांची प्रत प्रत्यक्ष सादर करावी, असे ठरले.

रकाना सक्तीचा केला पण खरे उत्तर द्यायला जागा ठेवली नाही, तर माणूस काहीतरी भरून पुढे जातो. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत बँकांकडून आलेल्या याद्यांमध्ये अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आढळला होता आणि कर्जमाफीचे वाटप अडले होते.

याच ई-केवायसीतला सरकारी नोकरीबाबतचा प्रश्नही तसाच. कुटुंबातील कोणी सरकारी सेवेत कायम कर्मचारी ‘नाही’, अशा नकारार्थी वाक्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचे होते. ‘आमच्यात कोणी नोकरीला नाही’ म्हणून अनेकींनी ‘नाही’ निवडले आणि अर्थ उलटा झाला. इथे लॉगमध्ये काहीही सापडणार नाही. यंत्रणेच्या लेखी प्रत्येक उत्तर वैध होते. डिसेंबरमध्ये सरकारने निवडलेला पर्याय एकदा दुरुस्त करण्याची मुभा दिली, तीही ३१ डिसेंबरपर्यंतच. तोवर बीडच्या अनेक टोळ्या कारखान्यांच्या तळांवर पोहोचल्या होत्या.